सॉरीचं जपानी

आयुष्यात मला ज्या माणसाचा सगळ्यात जास्त राग आला, तो उठता-बसता सॉरी म्हणायचा. उशिरा आला की सॉरी. कुणाचं बोलणं मधेच तोडलं की सॉरी, आणि मग तोडलेलं तसंच ठेवून पुढे स्वतःचं पुराण. फोन वाजला की सॉरी म्हणून तो घ्यायचा आणि आपण समोर उभेच. चंद्रपुरात मी ज्या जपानी भाषेच्या क्लासमध्ये शिकवत होते, त्याचा हा मालक. दारावरच्या पाटीवर त्याने स्वतःला संचालक म्हणवून घेतलं होतं, म्हणून आम्हीही संचालक सर म्हणायचो.

त्याचा धंदा मुळात स्पोकन इंग्लिशचा. जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं कमी पडतात, भाषा आली तर आपल्याकडच्या मुली तिथे नोकरीला जाऊ शकतात, हे त्याला कुठून तरी कळलं. त्याने फळा तोच ठेवला, खुर्च्या त्याच ठेवल्या आणि बाहेरचा फ्लेक्स तेवढा बदलला. त्याला जपानीतला ज येत नव्हता. त्याचं मला काही नव्हतं, सगळ्यांना सगळं कुठून येणार? पण न येणारा माणूस शिकवायला लागला की माझं डोकं फिरतं. त्याने एक तक्ता छापून घेतला होता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे जपानी. एकाला एक. मुलींनी तो पाठ करायचा. "मॅडम, इंग्लिश पक्कं असलं की जगातली कोणतीही भाषा येते," असं तो मला सांगायचा. मला, जिने नागपुरात राहून वर्षानुवर्षं जपानी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करता करता डोळ्यांना चष्मा लावून घेतला होता.

त्या तक्त्यात सॉरीपुढे एकच शब्द होता, सुमिमासेन.

सॉरी हा इंग्रजीतला फार स्वस्त शब्द आहे. बाजारात धक्का लागला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? दुकानात माल संपला, सॉरी. एखाद्या बाईचा नवरा मेला, तरी सॉरी. जपानी माणूस या प्रत्येक ठिकाणी वेगळं बोलतो. धक्का लागला तर सुमिमासेन ठीक आहे. मैत्रिणीला वाकडं बोललात तर गोमेन. साहेबाचं मोठं नुकसान केलंत तर मोशिवाके आरिमासेन, आणि तेही कमरेत वाकून. आणि कुणाचं माणूस गेलं असेल तर गोशूशोसामा देसु. तिथे सुमिमासेन म्हटलं तर त्या बाईला वाटायचं, हिनेच मारलं की काय माझ्या नवऱ्याला. हे मी संचालकाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, पण पोरींना एवढं डीपमध्ये न्यायची गरज नाही."

मी मुलींना सांगितलं, तो तक्ता घरी नेऊन कपाटात अंथरा.

त्या बॅचमध्ये गोंडपिपरीकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. घरी धानाची शेती, स्वतः नर्सिंगचा लहानसा कोर्स केलेली. चंद्रपुरात दोघीतिघींबरोबर खोली करून राहायची. बोलायची कमी आणि ऐकायची जास्त. अशा मुलींचा मला सुरुवातीला राग येतो, कारण भाषा तोंड उघडल्याशिवाय येत नाही. पण हिचा उच्चार स्वच्छ होता. तिच्या घरच्यांनी तिला साफ सांगितलं होतं की या उन्हाळ्यापर्यंत जपानचं झालं तर झालं, नाहीतर लग्न. मुलगा पाहून ठेवलेला. मुलाकडच्यांनीही घाई चालवली होती. ती मला एवढंच म्हणाली होती, "मॅडम, मले त्या घरी नाई जायचं."

रविवारी क्लास बंद असायचा, म्हणून मी तिला आमच्या घरी बोलावायची. पुढच्या खोलीत अब्बांचं शिवणकाम. वर्षभर शाळेचे गणवेश, आणि थंडी सुरू झाली की वडशाच्या नाटक कंपन्यांचे कपडे, राजाचे अंगरखे, राण्यांच्या जरीच्या ओढण्या. मशीनच्या आवाजाने अब्बांना कमी ऐकू यायला लागलं होतं. ती जपानी वाक्यं मोठ्याने म्हणायची आणि अब्बा मान वर न करता, गिऱ्हाइकाला द्यावं तसं उत्तर द्यायचे, "हो, हो, आलाच माल." त्यांनी तिचं नाव जपानीबाई ठेवलं होतं. ती त्यांच्या सुया ओवून द्यायची, एका रांगेत टोचून ठेवायची, म्हणजे आठवडाभर त्यांना माझ्यामागे लागायला नको. मी बसल्याजागी ओरडायची, "सुया नंतर, आधी वाक्य!"

मुलाखत क्लासमध्येच, व्हिडिओवर होणार होती. जपानातल्या एका वृद्धाश्रमाची प्रमुख बाई, साठीच्या आसपासची, आणि तिच्याबरोबर एक तरुण. अडलं तर दुभाषी म्हणून मी. जपानी मुलाखतीत उत्तरांइतकंच महत्त्व असतं ते खोलीत येण्या-जाण्याला. दार वाजवायचं, आतून आवाज आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, "शित्सुरेई शिमासु", म्हणजे तसदी देते, असं म्हणून वाकायचं, बस म्हटल्यावरच बसायचं. निघताना पुन्हा सगळं तसंच. हे मी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की ती आमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानाही वाकायची.

मुलाखत सुरेख चालली होती. मी मनातल्या मनात तिच्या घरी पेढे पाठवून मोकळी झाले होते. मग प्रमुख बाईने नाटकासारखा एक प्रसंग दिला. म्हणाली, "समजा मी तुमच्या आश्रमातली म्हातारी आहे. काल माझा नवरा गेला. तुम्ही आता माझ्या खोलीत येता. काय कराल, करून दाखवा." आणि ती कॅमेऱ्यासमोर हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसली.

हे तर आम्ही केलेलं होतं. गोशूशोसामा देसु. मी निश्चिंत होते.

मुलगी बाहेर गेली, दार वाजवलं, आत आली. आणि खुर्चीवर न बसता टेबलाशेजारी खाली फरशीवर बसली. पडद्यावर तिचा फक्त भांग दिसत होता. ओढणी डोक्यावर घेतलेली. तोंडातून शब्द नाही. मी वाट पाहिली. जपानी बाईही काही बोलेना.  कोपऱ्यात उभा असलेला संचालक आधी खाकरला, मग दात-ओठ खात कुजबुजला, "सॉरी बोल! अरे, सॉरी बोल तिले!" ती हललीसुद्धा नाही. मग त्याच्याने राहवलं नाही. तो धावत येऊन लॅपटॉपसमोर वाकला आणि आपलं तोंड पडदाभर करून ओरडला, "सॉरी मॅडम! सॉरी, सॉरी! शी इज नर्व्हस! सुमिमासेन!"

जपानी बाईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. मुलगी उठली, कुणाकडे न बघता, न वाकता, एक शब्द न बोलता दार उघडून निघून गेली. तिकडून तो तरुण नम्रपणे म्हणाला की कळवतो. पडदा काळा झाला.

संचालक माझ्यावरच उखडला. "हे तुमचं डीपमधलं जपानी? पोरगी मुकी करून ठेवली तुम्ही!" मी त्याला म्हटलं की तुमच्या थोबाडाने मुलाखत घालवली. मग आमचं बरंच वाजलं. शेजारच्या टायपिंगवाल्याच्या गिऱ्हाइकांनी दारात येऊन ऐकलं. शेवटी तो म्हणाला की या मुलीचं नाव आता पुढे जाणार नाही. सगळ्या मुलींचे पासपोर्ट तो सुरक्षिततेच्या नावाखाली स्वतःच्या टेबलाच्या कुलपात ठेवायचा. त्या कुलपावर त्याने हात आपटून दाखवला.

मी तशीच खाली उतरले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. मला तिचाही संताप आला होता, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "तोंड शिवलं होतं का तुझं? एवढं वाक्य येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग काऊन नाही बोललीस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच काही कळत नाही. "मॅडम, मौतीच्या घरी कोनी बोलते काय? आपन बसाले जातो. बसतो, अन् उठून येतो. येतो बी म्हनत नाई निघताना. ते बाई तशी बसली होती, मान खाली घालून. मले वाक्य आठवलंच नाई. आठवलं असतं तरी मी बोलली नसती."

"ती नाटक करत होती ग!"

"मले नाटक नाई वाटलं."

आम्हा मुसलमानांकडे मयतीच्या वेळचे शब्द ठरलेले असतात, लहान पोरांनाही ते पाठ असतात. म्हणूनच जपान्यांचं ठरलेलं वाक्य मला पहिल्यापासून आपलं वाटलं होतं. हिच्याकडे शब्दच नव्हता, आणि मी तो शोधून तिच्या तोंडात घातला होता. तरी मी तिला म्हटलं, आणि आजही म्हणेन, की परीक्षा ती परीक्षा. घरची रीत घरी. ती पायरीवरून उठली आणि खोलीवर गेली.

संध्याकाळी हे सगळं मी अब्बांना ओरडून ओरडून सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली. म्हणाले, "आपला नाटकाचे पडदे रंगवणारा पेंटर गेला तवा मी त्याच्या घरी गेलो होतो. तासभर बसलो. त्याच्या बायकोनं माझ्याकडं पाह्यलंबी नाई. पण दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांले सांगितलं, टेलरभाऊ येऊन गेले म्हनून." मग पुन्हा मशीन सुरू केली. मला वाटलं होतं, ते माझी बाजू घेतील.

काही दिवसांनी जपानहून निरोप आला. त्या बाईला मुलीशी पुन्हा बोलायचं होतं. संचालकाची कळी खुलली. त्याने लगेच ठरवून टाकलं की मुलीने सुरुवातीलाच माफी मागायची, जपानीतली सगळ्यात मोठी माफी, कमरेत वाकून, आणि ती तिच्याकडून मी घोटून घ्यायची.

मुलगी नाही म्हणाली. "गलती केली असंन त शंभरदा मागीन. मौतीले बसली, ते गलती कशी होते, सर?"

"मग पासपोर्ट विसर," तो म्हणाला. "जाय गावाले. कर लगन."

तरी ती नाही म्हणाली ती नाहीच. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, तिला माफी मागायला लावलंत तर उद्यापासून तुमच्या फळ्यासमोर तुम्हीच उभे राहा, तक्ता आहेच तुमच्याकडे. उरलेल्या बॅचच्या मुलाखती तोंडावर होत्या.  मला दोन शिव्या द्यायची त्याची फार इच्छा होती, ती त्याने गिळली. मग म्हणाला, "सॉरी मॅडम, पण बोलणार मी. कॅमेऱ्यासमोर मीच बसणार."

बसला. टाय लावून बसला. पडदा उजळताच सुरू झाला, "सॉरी मॅडम, व्हेरी सॉरी फॉर दॅट डे." ती बाई थोडा वेळ ऐकत राहिली. मग त्याच्याकडे न बघता मला जपानीत म्हणाली, "या गृहस्थांना एक विचारा. त्या दिवशी मधेच आत शिरले ते हेच का?"

"काय म्हणते? काय म्हणते?" तो मला विचारायला लागला.

मी सांगितलं. तो म्हणाला, हो, हो, मीच, सॉरी.

ती म्हणाली, "मी त्या वेळी नवरा गेलेली बाई होते. ही मुलगी येऊन माझ्या पायाशी बसली. का बसली ते मला कळलं नाही, पण मी वाट बघत होते. तेवढ्यात हे ओरडत आत आले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत असं कुणी शिरत नाही. मला मुलीशी बोलायचं आहे. त्यांना बाहेर थांबायला सांगा."

हे मी मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वर माझ्या पदरचं काही घातलंही नाही, कारण घालायची गरजच नव्हती. इतकं चविष्ट भाषांतर मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

त्याचा चेहरा उतरला. टाय सैल करत, हळू आवाजात, त्याने मला पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला. "मॅडम, इथी कोणता सॉरी म्हणायचा?"

"कोणताच नाही," मी म्हटलं. "बाहेर जा."

तो गेला. मला त्याची मुळीच दया आली नाही.

मग मुलगी बोलली. चुकत, अडखळत, पण स्वतःच्या जपानीत. आमच्या गावात माणूस गेलं की बसायला जातात, बोलत नाहीत, निघताना सांगत नाहीत, एवढं तिने सांगितलं. मी मदत केली नाही. ती बाई मान हलवत राहिली. मला वाटलं, आता हिचं कौतुक होणार. तसं झालं नाही. बाई कोरडेपणाने म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यांना कमी दिसतं. कोण आलं, कोण गेलं, त्यांना कळत नाही. न सांगता उठून गेलात तर ती माणसं घाबरतात. बसलात ते चालेल. जाताना मात्र सांगावंच लागेल. शिकाल?"

"हाय," मुलगी म्हणाली, म्हणजे हो.

मी तिला टेबलाखालून पाय मारला. सांगत नव्हते मी!

तिची निवड झाली. पासपोर्ट मी स्वतः उभी राहून त्या कुलपातून काढून घेतला. बॅच संपल्यावर संचालकाने मला कळवलं की सॉरी मॅडम, पुढच्या वेळी मुली कमी आहेत.  मुलगी जपानला निघाली त्या दिवशी अब्बांनी तिला जरीच्या उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी शिवून दिली, कशाला ते त्यांनाच माहीत. तिने डबाभर सुया ओवून आणल्या होत्या, त्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. तिकडून ती मला मधूनमधून लिहायची. जपानीत लिहायची आणि मी चुका काढून पाठवायची.

अब्बा गेले ते ऐन नाटकांच्या दिवसांत. मशीनच्या सुईखाली राजाचा अंगरखा तसाच होता, एक बाही लागलेली, एक लागायची. घर माणसांनी भरलं होतं. येणारे ठरलेले शब्द बोलत होते, मी ठरलेले शब्द परत देत होते, आणि मला एकही ऐकू येत नव्हता. दुपारी संचालक आला. बूट न काढता दारात उभा राहिला, म्हणाला, "सॉरी मॅडम. व्हेरी, व्हेरी सॉरी." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "सॉरी," म्हणून त्याने तो घेतला आणि बोलत बोलत गल्लीतून निघून गेला. पायातली चप्पल काढून त्याच्या मागे धावावं असं मला वाटलं. अब्बा असते तर त्यांनी मला धरून ठेवलं असतं, असं मनात आलं, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. जपानहून व्हिडिओ. बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं असणार. मी फोन मशीनला टेकवून उभा केला. पडद्यावर आश्रमाची भिंत, खुर्चीचा एक पाय, आणि खाली, अगदी खालच्या कडेला, डोक्यावर ओढणी घेतलेला एक भांग.

माझा भाऊ येऊन बघून गेला. "आवाज येऊन नाई राह्यला," तो म्हणाला. "म्यूट असंन. कट कर, मंग लावशीन."

"राहू दे," मी म्हटलं.

मीही फोनसमोर खाली बसले. बायका येत होत्या, जात होत्या, कुणी पाणी दिलं. भांग हलला नाही. मी काही बोलले नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच मला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती उठली. नुसती भिंत दिसली, खुर्ची दिसली, आणि पडदा काळा झाला. निघताना सांगायचं असतं, हे आता ती रोज पाळत होती. इथे तिने सांगितलं नाही.

भाऊ पुन्हा आला. "काय म्हने?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसून गेली."